बल, वस्तुमान आणि त्वरण

वस्तूवर निव्वळ बल जितकं जास्त तितकं तिचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, जास्त, आणि बल तेवढंच ठेवून वस्तुमान वाढवलं तर त्वरण कमी, हा न्यूटनचा गतीविषयक दुसरा नियम. शाळेत सगळे 'एफ इज इक्वल टू एमए' असं पाठ करतात, म्हणजे बल = वस्तुमान × त्वरण. १ किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने वाढवायला जे बल लागतं ते १ न्यूटन.

सूत्रातलं बल हे निव्वळ बल असतं, घर्षण, हवेचा विरोध वगैरे सगळं वजा करून जे उरतं ते, आणि बहुतेकांची गणितं इथेच चुकतात. दुसरं म्हणजे बल लावलंय म्हणून वेग आहे असं आपण धरून चालतो, पण बलामुळे वेग बदलतो, हायवेवर एकाच स्पीडने सरळ जाणाऱ्या कारवर निव्वळ बल शून्य असतं, इंजिनाचा सगळा जोर फक्त विरोध भरून काढण्यात जातो.

हाच नियम सीटबेल्टच्या मागे आहे आणि तो नीट समजून घ्यायलाच हवा. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, या वेगात ६० किलोचा माणूस ब्रेक लावून ४ सेकंदात थांबला तर त्याच्यावर सरासरी ३०० न्यूटन बल येतं, पण धडकेत ०.१ सेकंदात थांबला तर तेच १२,००० न्यूटन होतं. बेल्ट आणि एअरबॅग थांबायचा वेळ थोडा वाढवतात, त्यामुळे बल कमी होतं आणि जीव वाचू शकतो.

न्यूटनने हा नियम १६८७ मध्ये मांडला तो संवेगाच्या (वस्तुमान × वेग) बदलाच्या भाषेत, आजच्या सूत्राच्या जवळचं रूप १७५० च्या सुमारास गणितज्ञ ऑयलरने दिलं.

वस्तुमान आणि वजन यांत मात्र कायम गोंधळ होतो, वस्तुमान म्हणजे वस्तूत पदार्थ किती आहे ते आणि वजन म्हणजे तिच्यावरचं गुरुत्वबल. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं वजन पृथ्वीवर साधारण ५८८ न्यूटन आणि चंद्रावर ९७ च्या आसपास, वस्तुमान दोन्हीकडे ६० किलोच. वस्तू जड असली की गुरुत्वबल जास्त, पण तिला हलवायलाही तितकंच जास्त बल लागतं, म्हणून हवा नसेल तर जड आणि हलकी वस्तू सोबतच पडतात, अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून हे दाखवलं. अंतराळ स्थानकात तर साधा वजनकाटा चालतच नाही, कारण तिथे काट्यावर दाबच पडत नाही, आणि अंतराळवीरांचं वस्तुमान कमी होतंय का हे तब्येतीसाठी बघत राहावं लागतं. मग तिथलं एक यंत्र स्प्रिंगच्या ठरावीक बलाने माणसाला ओढतं, त्वरण मोजतं आणि बलाला त्वरणाने भागून वस्तुमान काढतं.