ग्लोडोक चिन्यांनी ‘वेगळं’ वसवलं का?

जकार्ताच्या ग्लोडोक या चिनी वस्तीबद्दल एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: चिनी माणूस आपल्यातच राहतो, म्हणून त्याने ही वस्ती वेगळी थाटली.

खरं उलट आहे. डच बटाव्हियात (जकार्ताचं तेव्हाचं नाव) चिनी लोक तटबंदीच्या आतही राहत होते. ऑक्टोबर 1740 मध्ये त्यांची कत्तल झाली. मृतांचा आकडा साधारण 10 हजार सांगितला जातो. वाचलेल्यांना डच ईस्ट इंडिया कंपनीने तटाबाहेर दक्षिणेला जागा नेमून दिली, तोफांच्या टप्प्यात. तेच ग्लोडोक. पुढे एकोणिसाव्या शतकात ठरलेल्या मोहल्ल्यातच राहण्याची सक्ती आणि बाहेरगावी जायला परवाना. याला ‘आपल्यातच राहणं’ म्हणायचं, म्हणजे कमालच झाली!

आज ग्लोडोकमधल्या पेताक सेंबिलान या बाजाराच्या गल्लीत समुद्रकाकडी, जिवंत बेडूक आणि लालभडक मेणबत्त्या शेजारी-शेजारी विकायला असतात. गल्लीजवळचं जिन दे युआन मंदिर मूळ 1650 चं. 1740 मध्ये ते जळालं, 1755 मध्ये पुन्हा उभं राहिलं, 2015 मध्ये पुन्हा आग. उदबत्तीचा धूर मात्र अजून डोळ्यांत जातो.