पुट्टी कुठलीही घ्या, पण ती वाळते कशी ते आधी बघा

ओझरला एचएएलमध्ये मिग-२१ बनायची, त्यामुळे नाशकात ज्याला प्लॅस्टिकच्या मॉडेल किट्सचा नाद लागतो तो कधी ना कधी मिग-२१ चा डबा घेऊन बसतोच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला त्यानंतर तर बऱ्याच जणांनी अडगळीतले जुने किट बाहेर काढले. आणि डावी-उजवी बाजू चिकटवून झाली की सगळे एकाच जागी अडकतात, विमानाच्या पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत जाणारी ती फट. मग प्रश्न सुरू, कुठली पुट्टी घेऊ, इम्पोर्टेड ट्यूब एवढी महाग का, एम-सील चालेल का, गॅरेजवाल्याची लांबी, म्हणजे गाडीचे पोचे भरायचा लगदा, चालेल का. चालेल की नाही हे ट्यूबवरच्या नावावरून नाही कळत, आतला माल कशामुळे कडक होतो त्यावरून कळतं. ते एकदा डोक्यात बसलं की दुकानात उभं राहून गोंधळायला होत नाही.

आधी फट येते कुठून ते बघू. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते वितळवून दोन भागांच्या स्टीलच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबाने भरतात, गार झालं की डाय उघडून भाग बाहेर. नाशकातल्या अंबड-सातपूर एमआयडीसीत मोल्डिंगमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, गार होताना माल आकसतो आणि सगळीकडे सारखा आकसत नाही, जाड जागा उशिरा गार होते म्हणून तिथे वरून खड्डा पडतो, त्याला ते सिंक मार्क म्हणतात. असे दोन वेगवेगळे आकसलेले भाग समोरासमोर आणले तर कडा तंतोतंत जुळणार कशा? कुठे फट राहते, कुठे एक बाजू जराशी वर. ही पायरी समजा ०.१ मिलिमीटरची असली, म्हणजे साधारण जाड केसाएवढी, तरी १/७२ स्केलमध्ये ती खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरची झाली. एवढी उंच कड घेऊन कुठलं फायटर उडतं?

आणि नुसत्या डोळ्याला प्लॅस्टिकवर जे दिसत नाही ते रंग मारला की दिसतं, त्यातही चंदेरी रंगाखाली तर हमखास. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परत फिरतो, मध्ये बारीकशी खाच आली की तेवढ्या रेषेत तो भलतीकडे वळतो, आणि आपल्या डोळ्याला उंची मोजता येत नसली तरी चकाकीतला फरक लगेच पकडता येतो. म्हणून पुट्टी बरोबर बसली की नाही हे ट्यूबलाइटखाली बघू नका, टॉर्च आडवी धरून बघा.

आता गंमत अशी की चांगल्यापैकी किटमध्ये बहुतेक सांध्यांना पुट्टी लागतच नाही. पातळ मॉडेल सिमेंट असतं ना, ते खरं तर गोंद नाहीच, सॉल्व्हंट आहे, अ‍ॅसिटोन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट असलं काहीतरी. ते दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन वरच्यावर विरघळवतं, दोन्हीकडच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे एकच प्लॅस्टिक उरतं. ब्रशने सांध्यावर सिमेंट फिरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग दोन्ही भाग बोटांनी हळूहळू दाबायचे, की फटीतून विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते, सुईच्या टोकाएवढी, सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती बोटाने पुसायची नाही, अजिबात नाही! ती आली म्हणजे फट आतून भरली. दोनेक दिवसांनी ती घासून टाकली की सांधा गायब. दोन दिवस का, तर सॉल्व्हंट वरून उडतं पण आतल्याला बाहेर यायला वेळ लागतो, आणि घाईत घासून रंग मारला की उरलेलं सॉल्व्हंट नंतर सावकाश निघून जातं, तिथलं प्लॅस्टिक बसतं, आणि महिन्याभराने तीच रेघ रंगाखालून पुन्हा डोकं वर काढते. लोक मग पुट्टीला शिव्या घालतात.

तरीही फट राहिलीच, पंखाच्या मुळाशी तर राहतेच, तर पुट्टी.

सगळ्यात जास्त खपते ती ट्यूबमधली करडी पुट्टी, तामियाची बेसिक टाइप वगैरे. लाकडावर आणि पत्र्यावर मारायची आपली एनसी पुट्टी त्याच घराण्यातली. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, नेलपॉलिशमध्येही तेच, आणि नायट्रोजनचं प्रमाण वाढवलं की त्याचंच गनकॉटन होतं, देवळालीला तोफांच्या गोळ्यामागे जी दारू जळते तिच्यातही हेच कुटुंब. असो. या पुट्टीत नायट्रोसेल्युलोज, बारीक पूड आणि भरपूर सॉल्व्हंट असतं, आणि ती वाळते म्हणजे फक्त सॉल्व्हंट उडून जातं. जे उडालं त्याची जागा रिकामी, म्हणजे पुट्टी आकसणारच, यात कंपनीचा दोष नाही. म्हणून फट काठोकाठ भरायची नाही, जराशी उंच ठेवायची. आणि एकदम जाड थर तर कधीच नाही. वरची साय आधी वाळते आणि आतल्या सॉल्व्हंटची वाट बंद होते, शिवाय असं आत झिरपत बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे थर दुप्पट जाड केला तर वाळायला ढोबळमानाने चौपट वेळ. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर लवकर वाळतात ते यामुळे. या पुट्टीचा फायदा म्हणजे तिचं सॉल्व्हंट प्लॅस्टिकला थोडं खातं, त्यामुळे ती घट्ट धरते आणि कडेला अगदी शून्यापर्यंत पातळ घासता येते. तोटाही तोच, पातळ प्लॅस्टिकवर जाड थर दिला की प्लॅस्टिकच मऊ पडून वाकडं होतं.

गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगवाले हल्ली जी दोन भागांची लांबी वापरतात, मोठ्या डब्यातली पेस्ट आणि छोट्या ट्यूबमधला हार्डनर, ती वेगळी. ती पॉलिएस्टर. तिच्यात स्टायरीन असतं, ज्या रेणूपासून आपलं प्लॅस्टिक बनलंय तोच, त्यामुळे ती पॉलिस्टायरीनला मस्त पकडते. हार्डनरमुळे आतल्या आत जोडणी होऊन ती कडक होते, काही उडून जावं लागत नाही, म्हणून आकसणं कमी आणि अर्ध्या तासात घासायला तयार. मोठ्या खड्ड्यांना माझी पहिली पसंती हीच. मात्र वास भयंकर, खिडकी उघडी पाहिजे आणि बेडरूममध्ये तर नकोच. गॅरेजवाल्या दादांना एका प्लॅस्टिकच्या डबीत थोडीशी मागितली तर बहुतेक वेळा हसत हसत देतात.

एम-सील आणि परदेशी मिलिपुट हे इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर सारखं घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचं, कुठे रेघ दिसली तर अजून मळायचं, कारण ज्या कणाला जोडीदार मिळाला नाही तो कायम चिकट राहतो. सॉल्व्हंट नाही, म्हणजे आकसणं जवळपास नाहीच. पण हे प्लॅस्टिकला खात नाही, नुसतं वर बसतं, त्यामुळे कड पातळ घासत गेलात की तिथला पापुद्रा निघून येतो. उपाय दोन, आधी जागा पॉलिश पेपरने खरवडून घ्या, आणि ओलं असतानाच बोट पाण्यात बुडवून कड सपाट करून टाका म्हणजे नंतर घासायला फारसं उरत नाही. एम-सील वाळल्यावर दगड होतं आणि त्याचा कणही जाडसर, त्यामुळे ते मी मॉडेलच्या आतून आधार द्यायला किंवा नाकात वजन धरून ठेवायला वापरीन, वरच्या नाजूक कामाला नाही. हातमोजे घाला, हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

हा दगडाचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. फट भरण्याएवढंच महत्त्वाचं म्हणजे भरलेला माल आणि शेजारचं प्लॅस्टिक दोन्ही सारख्याच वेगाने झिजलं पाहिजे. पुट्टी कडक असेल तर पेपर शेजारच्या मऊ प्लॅस्टिकला आधी खातो आणि मध्ये पुट्टीचा उंचवटा राहतो, पुट्टी मऊ असेल तर उलटं, मध्ये खड्डा पडतो. पेपर नुसत्या बोटात धरून घासलं तर हे जास्तच होतं, कारण बोट मऊ, ते खड्ड्यात शिरतं. म्हणून पेपर लाकडाच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या सपाट तुकड्याला गुंडाळा आणि सांध्याच्या आडवं घासा, सांध्यावरून उभं नाही.

फेविक्विकचं पण हेच. सायनोअ‍ॅक्रिलेट पुट्टी म्हणून झकास, आकसत नाही, मिनिटांत तयार, पण एक रात्र गेली की पॉलिस्टायरीनपेक्षा कडक, म्हणून तासाभरात घासून मोकळं व्हायचं. त्यात टाल्कम पावडर मिसळली तर घासायला सोपं जातं, टाल्क हे सगळ्यात मऊ खनिज, मोहस स्केलवर १. डब्यावर टाल्क लिहिलंय ना ते बघा, काही बेबी पावडर मक्याच्या पिठाच्या असतात. खायचा सोडा टाकला तर मात्र क्षणात दगड, कारण सोडा अल्कली आहे आणि ही जोडणी अल्कलीने भडकते. हा गोंद कडक होतो तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे, त्यामुळे नाशकात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये टूथपिकवरून सांध्यापर्यंत न्यायच्या आत चिकटायला लागतो. पावसाळ्यात अजून एक त्रास, त्याची वाफ शेजारी पांढरी साय होऊन बसते, म्हणून कॉकपिटच्या काचेजवळ नकोच. आणि कापसाने पुसू नका, कापसाशी त्याची इतकी जोरात रिअ‍ॅक्शन होते की चटका बसेल एवढं तापतं.

जिथे पेपर पोचतच नाही, पंख आणि धड जुळतात तो कोपरा, तिथे पाण्यात विरघळणारी अ‍ॅक्रिलिक पुट्टी, वालेहोची प्लॅस्टिक पुट्टी तसलीच. भरा, आणि ओल्या इअरबडने एकदा फिरवून जास्तीची पुसून घ्या, घासायची भानगडच नाही. मऊ असते, तिच्यावर पॅनेल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या रेषा, कोरायला जाऊ नका, कड तुटते. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ द्या, पाणीच उडायचंय ना तिचं. आणि नावात पुट्टी आहे म्हणून घरात उरलेली भिंतीची वॉल पुट्टी कुणी वापरत असेल तर हात जोडून सांगतो, ती बांधकामाच्या सिमेंटची, भिंतीच्या भोकांत रुतून बसणारी, गुळगुळीत प्लॅस्टिकवरून ती पोपडा होऊन पडते.

एक फुकटातला प्रकार पण आहे. किटचे भाग ज्या फ्रेमला लागून येतात तिचे तुकडे मॉडेल सिमेंटच्या बाटलीत विरघळवून काकवीसारखं दाट करायचं. तेच प्लॅस्टिक, म्हणजे झिजणं अगदी सारखं, कडकपणाची सगळी कटकट संपली. पण सॉल्व्हंट इतकं की आकसणं सगळ्यात जास्त, आणि थांबायचं म्हणजे आठवडाभर. थर्माकोल पण पॉलिस्टायरीनच, विरघळतं पण, फक्त ते फुगवलेलं असल्यामुळे ढीगभर टाकलं तरी हाताला चमचाभर लागतं. आणि फट जर एक मिलिमीटरच्या वर असेल तर कसलीच पुट्टी नको, जुन्या सीडीच्या कव्हरची पट्टी कापून आत घाला, ते कव्हरही पॉलिस्टायरीनचंच, मॉडेल सिमेंटने विरघळून चिकटतं, मग वरून थोडीशी पुट्टी.

भरायचं काय आणि सोडायचं काय हे पण बघा. आमच्या ओळखीचे एक काका ओझरला नोकरी करून रिटायर झालेत, त्यांच्यासमोर एका पोराने स्वतःचं मिग-२१ ठेवलं, एकदम गुळगुळीत, कौतुकाच्या अपेक्षेने. काकांनी चष्मा वर केला, बोट शेपटीच्या अलीकडे ठेवलं आणि म्हणाले, "हा जोड कुठे गेला रे? इंजिन काढायचं म्हटलं तर मागचं सगळं धड इथूनच सुटतं, तू तर बुजवून टाकलंस." पोरगं गप्प. तर पाठीवरची आणि पोटाखालची उभी फट ही डायची देन, ती बुजवा, गोलाकार जोड बऱ्याचदा विमानाचा स्वतःचा असतो, आधी फोटो काढून बसा.

घासायला ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, ८००, १०००, चंदेरी रंग मारायचा असेल तर २००० पर्यंत, आणि पाणी लावूनच, धूळ छातीत जात नाही आणि पेपर चोंदत नाही. मग राखाडी प्रायमरचा एक हलका हात. पुट्टी एका रंगाची, प्लॅस्टिक दुसऱ्या, त्यामुळे प्रायमरशिवाय डोळा फसतो, रंग एक झाला की आकार दिसतो. पिनहोल दिसले तर पुन्हा ट्यूब उघडायची गरज नाही, मिस्टर सरफेसर ५०० चा थेंब ब्रशने टेकवा, ते म्हणजे पातळ पुट्टीच, वाळलं की पुन्हा एकदा हलका पेपर.

ट्यूबचं तोंड दर वेळी पुसून झाकण घट्ट लावा, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये उघडी राहिली तर सॉल्व्हंट उडून आत खडू होतो. थोडीशीच दाटली असेल तर लॅकर थिनरचे दोन थेंब घालून स्टीलच्या पट्टीवर कालवली की पुन्हा चालू होते, इपॉक्सी आणि पॉलिएस्टरला मात्र हा इलाज नाही, ती एकदा गेली की गेली.