रेकॉर्डवरचा माणूस पुन्हा तुरुंगात का जातो

बीड-जालन्याकडे घरफोड्या वाढल्या की पोलीस आधी रेकॉर्डवरच्या लोकांच्या घरी जातात. तपास कुठून तरी सुरू करावाच लागतो, त्यामुळे त्यात नवल नाही. पण शिक्षा भोगून आलेल्याने पुन्हा गुन्हा करू नये म्हणून काय करायचं, या प्रश्नाला आपल्याकडे सगळ्यात आधी मिळालेलं उत्तर ‘नजर ठेवा’ हेच होतं आणि ही नजर अख्ख्या जमातींवर ठेवली गेली.

ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवून त्यांच्या माणसांची नोंदणी करायची आणि पोलिसांकडे हजेरी घ्यायची होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण तिथेही लमाण, पारधी यांच्यासारख्या समाजांवर अशीच नोंदणी आणि हजेरी लादली गेली. लमाणांचा बैलांवरून चालणारा धान्य-मिठाचा व्यापार रेल्वेने आधीच बुडवला होता. त्यात फिरण्यावर बंधनं आली. पोट भरायचा सरळ मार्ग बंद करायचा आणि मग वाकड्या मार्गावर पहारा ठेवायचा, असा तो कारभार.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये त्या राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात जमातीऐवजी माणसाला आधी झालेल्या शिक्षा मोजायच्या होत्या. ठाण्यातल्या सवयी मात्र इतक्या लवकर बदलल्या नाहीत. तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवायला तर सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला.

नजर ठेवण्याच्या या काळातच दुसराही विचार चालू होता. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैद्यांनी भिंतीविना राहायचं, शेती करायची, बायकामुलांनाही सोबत आणायचं. 1958 चा परिविक्षा कायदा आला आणि न्यायाधीशाला काही गुन्ह्यांत शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार मिळाला. एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात धाडायचं तर त्याची कारणं लिहून द्यावी लागतात. मराठवाड्यात या विचाराची ठळक खूण म्हणजे पैठणचं खुलं कारागृह. शिक्षेचा काही काळ नीट वागून काढलेले कैदी तिथे शेतीत राबतात आणि त्यांना शिक्षेत माफीही जास्त मिळते. अशा कैद्यांची पुढची वाटचाल चांगली दिसली तर सगळं श्रेय उघड्या रानाला देऊ नये, कारण तिथे माणसं निवडूनच पाठवली जातात. तरी सुटण्याआधी कामाची आणि स्वतःच्या जबाबदारीवर वागण्याची सवय पुन्हा लागते, ही गोष्ट लहान नाही.

जगभरच्या अभ्यासाची दिशाही बदलत गेली. 1974 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या लेखामुळे कैद्यांना सुधारण्याच्या प्रयत्नांचा फारसा उपयोग होत नाही, असा समज पसरला. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच आपलं म्हणणं बरंच मागे घेतलं. कॅनडात अँड्र्यूज आणि बोंटा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पुन्हा गुन्हा करण्याचा धोका जास्त असलेल्यांवर जास्त मेहनत घ्यावी. साध्या, पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला त्याच साच्यात घातलं तर उलट नुकसान होतं. सराईतांच्या बरॅकीत कोवळं पोर टाकलं की काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही जेलरला सांगावं लागणार नाही. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यानुसार तुरुंगात शिकलेल्यांचं परत येण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा सुमारे 13 टक्केबिंदूंनी कमी होतं. शिक्षा किती कडक यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त परिणाम करते, हेही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घर, रोजगार आणि घरच्यांशी टिकलेलं नातं यांचं वजनही असंच मोठं आहे.

या कसोटीवर आपल्या काही पद्धती उतरतात. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांमुळे कैद्याचं घरी येणं-जाणं राहतं. 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत कैद्याला त्याच्याच नावावर 50 हजारांपर्यंत कर्ज मिळू लागलं. म्हणजे आतमध्ये असतानाही तो घराचा आधार राहतो.

तडीपारीचं मात्र उलट आहे. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. ज्याला घर आणि काम यांनीच बांधून ठेवायचं, त्याला त्या दोन्हींपासून तोडून शेजारच्या जिल्ह्यात सोडायचं. गल्लीला चार दिवस शांतता मिळते, हे मान्य. पण त्याला मी सुधारणा म्हणणार नाही. काम मिळवणंही तितकंच अवघड. वाळूजच्या कंपनीत कंत्राटदार चारित्र्य पडताळणीचा कागद मागू शकतो. ऊसतोडीचा मुकादम तो मागत नाही, पण तिथे उचल घेऊन कोयता धरायचा म्हणजे सहा महिने घर सोडायचं.

आणखी एक अडचण या सगळ्याच्या मुळाशी आहे. देशातल्या तुरुंगांत साधारण तीन चतुर्थांश बंदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. खुलं कारागृह, संचित रजा, शिक्षेतली माफी या सवलती शिक्षा झालेल्यांसाठी. चोरीच्या आरोपात आठ महिने हर्सूलच्या किंवा नांदेडच्या तुरुंगात काढून जामिनावर सुटलेल्या पोराला यातलं काहीच मिळत नाही. परिविक्षा अधिकारी त्याच्यापर्यंत पोहोचायचा तर आधी खटला निकाली निघावा लागतो.