नेफ्यात अडकलेला नाडा

संत्रं सोलायला अंगठा देठापाशी खुपसला आणि वाकला तो वाकलाच. दुसऱ्या हातानं ओढला तेव्हा खटकन सुटला. ही तक्रार घेऊन नागपूरच्या धंतोलीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं, की ते तळव्याच्या बाजूनं अंगठ्याचं बूड दाबतात आणि म्हणतात, ‘ट्रिगर थंब. इंजेक्शन देऊन पाहू.’

परकराच्या नेफ्यातून नाडा सरकावा, तशी अंगठा वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, एका अरुंद आवरणातून मागेपुढे सरकते. कंडरा जाड झाली, आवरण आवळलं, की नाड्याची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडावी तशी ती अडते. इंजेक्शनातलं स्टेरॉइड ही सूज उतरवतं. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण हे व्यायामशाळेतलं नव्हे. हे कॉर्टिसोनच्या घराण्यातलं. कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं आणि दोनच वर्षांत त्या संशोधनाला नोबेल मिळालं.

तयारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शुगर. मधुमेहींमध्ये ट्रिगर थंब जास्त आढळतो आणि नेमकं हेच औषध त्यांची शुगर वाढवतं. अंगठ्यात टोचलेलं थोडं औषध रक्तात उतरतं. मग यकृत जास्त साखर सोडतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. हा चढ काही दिवस टिकतो. म्हणून आधीचे आकडे डॉक्टरांना दाखवावेत, नंतर आठवडाभर घरी मोजत राहावं, आणि घरच्या लग्नाच्या पंगतीला लागून तारीख घेऊ नये. शुगर फारच चढलेली असेल तर डॉक्टरच थांबायला सांगतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगायची. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. ताप असेल किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर इंजेक्शन पुढे ढकलतात. उपाशी राहायची सहसा गरज नसते. अंगठी घरीच काढून ठेवावी. आणि गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्यावं, कारण औषधासोबत बहुधा भूल असते. बधिर अंगठ्यानं स्कूटी हाकत बर्डीची गर्दी काढणं काही खरं नाही.

भूल तासा-दोन तासांत उतरते. त्यानंतर एक-दोन दिवस अंगठा आधीपेक्षा जास्त ठणकू शकतो, आणि ‘इंजेक्शन वाया गेलं’ असं वाटतं ते इथंच. फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा. मात्र लाली पसरत गेली किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर गाठावेत. स्टेरॉइडचा खरा गुण यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर संत्री दुसऱ्यानं सोलून द्यावीत.