वाचकांना तुमचा पत्ता सापडावा म्हणून
लेखक-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही लेखकांना वेबसाइट आणि ब्लॉग उभारून देतो. आमच्याकडे लेखक येतात ते बहुधा पुस्तक छपाईला गेल्यावर. मुखपृष्ठ तयार असते, प्रकाशनाची तारीख ठरलेली असते आणि कोणीतरी सांगितलेले असते, "आता सोशल मीडियावर जरा दिसायला लागा." मग पहिला प्रश्न येतो: फेसबुक पेज काढू की इन्स्टाग्राम? आमचे उत्तर असे की दोन्हींच्या आधी स्वतःच्या नावाची वेबसाइट, तिच्यावर ब्लॉग, आणि वाचकांच्या ईमेल पत्त्यांची यादी. सोशल मीडिया त्यानंतर. काम आम्हाला द्या किंवा स्वतः करा, पण हे पत्रक वाचून मगच सुरुवात करा.

आधी स्वतःचे

जिओसिटीज ही मोफत वेबसाइट बनवू देणारी सेवा २००९मध्ये बंद झाली. ऑर्कुट आणि गूगल प्लस ही सोशल मीडियाची माध्यमेही गेली: पहिले ३० सप्टेंबर २०१४ला, दुसरे एप्रिल २०१९मध्ये. तिथे वर्षानुवर्षे लिहिणाऱ्यांचे लेखन वेळेत उतरवून घेतले असेल तर वाचले. वाचक मात्र उतरवून घेता येत नाहीत. फॉलोअरचा आकडा तुम्हाला दिसतो, पण त्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्या कंपनीच्या हातात असतो. कंपनी बंदच पडावी लागते असेही नाही. तुमच्या पेजवरची पोस्ट किती फॉलोअरना दाखवायची हे तिची यंत्रणा ठरवते, आणि तो हिशेब न सांगता बदलतो. खाते हॅक झाले किंवा चुकून बंद केले गेले, तर दाद मागण्यात आठवडे जातात. नेमके ते पुस्तक प्रकाशनाचे आठवडे असले तर होणारे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, स्वतः विकत घ्या. ते तुमच्याच नावावर आणि तुम्ही रोज उघडता त्याच ईमेलवर नोंदवलेले असावे; मदत करणाऱ्या भाच्याच्या नावावर नको, वेबसाइट बनवणाऱ्याच्याही नको. आम्ही डोमेन नेहमी ग्राहकाच्याच नावाने घेतो. डोमेन कायमचे मिळत नाही, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. मुदत हुकली आणि ते दुसऱ्या कोणी घेतले, तर पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला पत्ता भलतेच काहीतरी उघडू लागतो, आणि छापलेली प्रत परत बोलावता येत नाही. आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवा आणि त्यासाठी दिलेले कार्ड बदलले की तिथेही बदला.

ब्लॉग वर्डप्रेस या सेवेवर असो वा ब्लॉगरवर, सगळे लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय दोन्हींत आहे. ती फाइल अधूनमधून स्वतःच्या संगणकावर ठेवा.

वेबसाइटवर काय असावे

फार काही नको. परिचय दोन लिहा, एक तीन-चार ओळींचा, एक पानभर, आणि दोन्ही तृतीय पुरुषी. कार्यक्रमाचे आयोजक आणि वार्ताहर तो जसाच्या तसा उचलतात; तुम्ही दिला नाहीत तर कुठला तरी जुना उचलतात. छापता येईल इतका मोठा फोटो ठेवा आणि खाली छायाचित्रकाराचे नाव द्या. प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र पान हवे: मुखपृष्ठ, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आयएसबीएन, पुस्तक कुठे मिळेल, आणि वाचायला एक चांगला उतारा. मनोगत किंवा प्रस्तावना उतारा म्हणून देऊ नका. जिथे तुमची लेखणी रंगली आहे ते पान द्या. संपर्काचा ईमेल शोधावा लागू नये.

देवनागरीचे प्रश्न

हा भाग लांबला आहे, कारण मराठी लेखकांचे बरेचसे चांगले लेखन इथेच अडून बसते.

अनेकांचे जुने लेखन युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे साठवण्याच्या सामाईक पद्धतीच्या, आधीच्या फाँटांमध्ये टाइप केलेले असते. त्या फाँटांत पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकाने साठवलेले असते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. त्याच्यावर देवनागरीचा आकार चढवलेला असतो, इतकेच. तो मजकूर वेबसाइटवर टाकला की वाचकाला अगम्य चिन्हांची रांग दिसते, आणि सर्च इंजिनला त्यात मराठी सापडत नाही. असे लेखन कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येते. मात्र त्यानंतर मुद्रितशोधन केल्याशिवाय ते प्रसिद्ध करू नका. 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला आम्ही पाहिला आहे. डोंगरातल्या वाटेचे वर्णन थेट समुद्रावर जाते. पहिली वेलांटी, जोडाक्षरे, रफार, 'ऑ' आणि 'ॲ', अवतरणचिन्हे या जागा डोळ्यांत तेल घालून तपासा.

दुसरी गोष्ट लिंकची. लेखाचे शीर्षक मराठीत दिले की बऱ्याच वेळा लिंकमध्येही देवनागरी येते. ब्राउझरमध्ये ती छान दिसते, पण कॉपी करून पाठवली की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यांची नऊ-नऊ चिन्हे होतात. 'मराठी' या छोट्या शब्दाची पंचेचाळीस. पाच शब्दांच्या शीर्षकाची लिंक व्हॉट्सॲपवर आली की निम्मा पडदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरतो आणि वाचणाऱ्याला ती फसवणुकीची वाटते. शीर्षक मराठीतच ठेवा. लिंकचा शेवटचा तुकडा तेवढा रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा करा. आणि हे लेख प्रसिद्ध करण्याआधी करा. नंतर लिंक बदलली, तर आधी वाटलेल्या लिंका चालू राहाव्यात म्हणून जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळण द्यावे लागते.

कवींना एक विनंती. सुंदर चित्रावर कविता लिहून ते चित्र टाकण्याची पद्धत आहे, ती जरूर ठेवा. पण चित्रात असलेल्या ओळी सर्च इंजिनच्या हाती क्वचितच लागतात, आणि स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्या अंध वाचकाला त्या ऐकू येतीलच असे नाही. त्यामुळे तीच कविता ब्लॉगवर मजकूर म्हणूनही हवी, आणि चित्राला जोडायच्या वर्णनाच्या जागीही.

ब्लॉगवर लिहायचे काय?

"पुस्तक लवकरच येत आहे" हे एकदा सांगितले की बातमी संपली. त्यापुढे वाचक तुमच्याकडे येतो तो त्याला काहीतरी वाचायला मिळते म्हणून. पुस्तकाच्या आजूबाजूला पडलेले साहित्य ही लेखकाची खरी शिदोरी आहे. ऐतिहासिक कादंबरीत एका पात्राने गलबतातून केलेला प्रवास दोन ओळींत उरकलेला असतो. पण त्या दोन ओळींसाठी वारे कोणत्या महिन्यात कुठून वाहतात, गोडे पाणी किती दिवस पुरते, दिशा कशी ओळखत, हे सगळे तुम्ही शोधलेले असते. ते कादंबरीत मावत नाही. ब्लॉगवर त्याचा अख्खा लेख होतो, आणि समुद्रप्रवासाविषयी शोधत आलेला माणूस त्या लेखातून तुमच्या कादंबरीपर्यंत पोहोचतो. गाळलेले प्रकरण, पात्राचे नाव का बदलले, एखाद्या व्यवसायातल्या माणसांशी बोलताना कानावर पडलेले शब्द, आवडलेल्या दुसऱ्या लेखकाविषयी मनापासून लिहिलेले चार परिच्छेद, हे सगळे चालते. एकच कसोटी लावा: तुमचे पुस्तक कधीच न घेणाऱ्यालाही तो लेख वाचल्याचे समाधान मिळावे.

सुरुवातीला रोज लिहून दोन महिन्यांत थांबणारे आरंभशूर खूप असतात. महिन्याला एक लेख, पण वर्षभर, हे त्याहून कितीतरी बरे. चार-पाच लेख हाताशी तयार ठेवून मगच ब्लॉग सुरू करा. आणि ब्लॉगमुळे पुस्तकाचे लेखन मागे पडू लागले, तर ब्लॉग थांबवा. हे आम्ही आमच्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो आहोत, पण ज्या लेखनासाठी हा खटाटोप, तेच राहिले तर वेबसाइट कशाची करायची?

पूर्ण कथा ब्लॉगवर टाकण्यापूर्वी मात्र थांबा. पुष्कळ मासिके आणि स्पर्धा अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि ब्लॉगवर आलेले लेखन प्रकाशित धरले जाते. पुस्तकाचा करार झाला असेल तर किती मजकूर ऑनलाइन देता येईल हे प्रकाशकाला लेखी विचारा. दुसऱ्याचा फोटो किंवा कविता वापरताना खाली "साभार" लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

सोशल मीडिया

एकच माध्यम निवडा, फार तर दोन. ज्यावर तुम्हाला स्वतःला वाचायला आवडते तेच निवडा, म्हणजे तिथली भाषा वेगळी शिकावी लागत नाही. प्रत्येकाच्या मर्यादा माहीत असाव्यात. फेसबुकच्या वैयक्तिक खात्याला ५,००० मित्रांची मर्यादा आहे. पेजला तशी नाही. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये द्यावी लागते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो, आणि ग्रुपमध्ये घेतलेल्या वाचकांचे नंबर एकमेकांना दिसतात. अनोळखी वाचकांसाठी चॅनेल बरे. तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही.

सगळीकडे नाव आणि फोटो एकच ठेवा, टोपणनावाने लिहीत असाल तर टोपणनावच. खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण, उदा. मोबाइलवर येणारा कोड) लावा. लेखाची लिंक देताना दोन ओळी अशा द्या की पुढचे वाचावेसे वाटेल. कोणी मनापासून लिहिलेल्या अभिप्रायाला नुसता अंगठा दाखवू नका, उत्तर द्या.

विकतचे फॉलोअर आम्ही मिळवून देत नाही. ते वाचत नाहीत, पोस्टला प्रतिसाद देत नाहीत, आणि प्रतिसाद नसलेली पोस्ट मग खऱ्या वाचकांनाही कमी दाखवली जाते.

ईमेलची यादी

वेबसाइटवर एक छोटी चौकट ठेवा: नाव, ईमेल, आणि तुम्ही काय व किती वेळा पाठवणार हे सांगणारे एक वाक्य. संमेलनात मिळालेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे पत्ते परस्पर यादीत घालू नका; ज्याने स्वतः होकार दिला तोच यादीत. प्रत्येक पत्राखाली नाव काढून टाकण्याची लिंक हवी. स्वतःच्या ईमेलवरून शंभर जणांना एकत्र पाठवले आणि पत्ते चुकीच्या रकान्यात पडले, तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो. त्यासाठी स्वतंत्र सेवा वापरा आणि यादीची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा. या यादीतली साठ माणसे आमच्या मते हजारो फॉलोअरपेक्षा मोलाची आहेत, कारण त्यांनी तुमच्याकडे पत्र मागितले आहे.

आमच्याकडे येताना

पुस्तक प्रकाशनाच्या निदान तीन महिने आधी या. सोबत आणा: दोन्ही परिचय कच्च्या स्वरूपात, पुस्तकांची यादी, एक उतारा, मुखपृष्ठाची मूळ फाइल, आणि आधीचे काही खाते किंवा डोमेन असेल तर ते कोणत्या ईमेलवर आहे याची माहिती. पासवर्ड कागदावर लिहून आणू नका, आम्हाला पाठवूही नका; तुमच्यासमोर तुमच्याच हाताने टाकायचा आहे. किती प्रती विकल्या जातील याचा शब्द आम्ही देत नाही. काम संपल्यावर वेबसाइटच्या सगळ्या किल्ल्या तुमच्याकडे असतील, आणि स्वतः लेख चढवायला, बॅकअप घ्यायला, यादी उतरवून घ्यायला आम्ही शिकवून देऊ.