चर्चचं फुकट जेवण: न्यूयॉर्कपासून शरणपूरपर्यंत

एमएससाठी अमेरिकेला गेलेल्या मुलाचा ऑगस्टअखेर नाशिकला गंगापूर रोडवरच्या घरी व्हिडिओ कॉल येतो. ‘जेवलास का?’ या प्रश्नावर हल्ली बरेचदा उत्तर असतं, ‘हो, चर्चवाल्यांकडे होतं.’ आईचा जीव भांड्यात पडतो. बाबांना मात्र शंका येते: फुकट कशाला घालतात? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे.

वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स १९०९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत होते. समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला त्यांनी सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो थांबला आणि म्हणाला, न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स दांपत्याने त्याला घरी बोलावलं आणि पुढे त्यांच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या पंगती सुरू झाल्या. त्यातूनच धनाढ्य रॉकफेलर यांच्या पैशातून १९२४ मध्ये न्यूयॉर्कचं इंटरनॅशनल हाऊस उभं राहिलं. ते कुठल्या चर्चचं नव्हतं. सगळ्या देशांची मुलं एका छपराखाली राहावीत, जेवावीत, एवढाच हेतू.

दुसरी वाट धर्माला धरूनच गेली. वायएमसीएचे नेते जॉन मॉट यांनी १९११ मध्ये संघटनेतर्फे परदेशी विद्यार्थ्यांसाठी खास समिती काढली. हीच मुलं उद्या आपापल्या देशांचा कारभार पाहतील, हा त्यामागचा हिशेब. १९४९ नंतर चीनची दारं मिशनऱ्यांना बंद झाली, तेव्हा तो आणखी पक्का झाला: तिकडे जाता येत नसेल, तर तिकडचे लोक इथे आलेच आहेत की! बॉब फिनली यांची इंटरनॅशनल स्टुडंट्स ही ख्रिस्ती संस्था १९५३ ची. विमानतळावर न्यायला येणं, जुन्या गाद्या-टेबलं देणं, इंग्रजी संभाषणाचे वर्ग, थँक्सगिव्हिंगला घरी बोलावणं हे सगळं आज कॅम्पस मिनिस्ट्रीच्या, म्हणजे विद्यापीठांत धर्मकार्य करणाऱ्या ख्रिस्ती गटांच्या, नेहमीच्या कामात मोडतं.

आपली मुलं तिथे एवढ्या संख्येने दिसतात, त्याचं कारण साधं आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर प्रथमच चीनपेक्षा जास्त. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यात भाडं आणि डोक्यावर शैक्षणिक कर्ज. अशा वेळी आयतं गरम जेवण कोण नाकारेल? त्यात आता काही ठिकाणी भारतीय मुलांसाठी शाकाहारी भात-छोल्यांचं पातेलंही वेगळं ठेवलेलं असतं.

नाशिककरांना यात नवल वाटायला नको, कारण परदेशी मुलांना जेवू घालणारं मिशन आपल्या गावात एडमंड्सच्या अर्धशतक आधी होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत ठेवली जात. तिथे त्यांना अन्न, अक्षरओळख, सुतारकी, लोहारकी मिळे आणि बाप्तिस्माही. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा इथली नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. पुढे इथेच शिकलेला जेकब वेनराइट त्याच्या शवासोबत लंडनला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांत उभा राहिला. १८७५ च्या सुमारास आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली आणि शरणपूरचे बरेच आफ्रिकन तिकडे गेले.

एक फरक मात्र विसरून चालणार नाही. शरणपूरच्या पोरांना दुसरा आसराच नव्हता. ताटाबरोबर जे येईल ते घ्यावंच लागे. आजचा विद्यार्थी जेवून उठून जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी जेवणाआधी छोटी प्रार्थना असते आणि नंतर बायबल अभ्यासाचं आमंत्रण. थांबायची सक्ती सहसा नसते. हेतू लपवलेला असेल तर आक्षेप जरूर घ्यावा. पण फलकावर ‘मिनिस्ट्री’ हा शब्द उघड लिहिलेला असताना फसवणुकीची ओरड करणं मला पटत नाही. बाबांनी मुलाला एवढंच विचारावं: जेवणानंतर काय असतं, आणि तू थांबतोस का?