हेल्मेट का काढायचं नाही: ब्रिटिश विज्ञान-चित्रकथा आणि पडद्याशी त्यांचं जुनं भांडण

१९७७ सालच्या एका अंकात गुन्हेगार जज ड्रेडला, म्हणजे चित्रकथेतल्या भविष्यकाळातल्या पोलीस-न्यायाधीशाला, हेल्मेट काढायला भाग पाडतात. तो काढतो. समोरचे त्याचा चेहरा बघून हादरतात आणि वाचक त्या चौकटीत बघतो, तर चेहऱ्याच्या जागी 'सेन्सॉर्ड' अशी पाटी. ही गंमत तेव्हा एका पानापुरती होती, पुढे तिचा नियम झाला. 'टू थाउजंड एडी' हे ब्रिटिश साप्ताहिक आजही निघतं, ड्रेडची गोष्ट त्यात आजही चालू आहे, पण मोठेपणीचा त्याचा धड चेहरा वाचकांना अजून दाखवलेला नाही.

म्हणूनच १९९५ च्या 'जज ड्रेड' चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने पडद्यावर हेल्मेट उतरवलं, तेव्हा चाहत्यांच्या मनात जी अढी बसली ती आजवर गेलेली नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, एका हेल्मेटवरून एवढं काय? मला मात्र या भांडणात चाहत्यांची बाजू पटते. ती का पटते हे सांगायचं, तर ब्रिटनमध्ये या चित्रकथा कशा जन्मल्या, कोणत्या कागदावर छापल्या गेल्या आणि त्या कोणी, किती हलाखीत काढल्या, तिथून सुरुवात करावी लागते.

१४ एप्रिल १९५० ला 'ईगल'चा पहिला अंक निघाला. साउथपोर्टजवळच्या बर्कडेलमधले पाद्री मार्कस मॉरिस यांनी मुलांच्या हाती काहीतरी चांगलं पडावं म्हणून हा खटाटोप केला होता. पहिल्या अंकाच्या नऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. पहिल्या पानावर होता डॅन डेअर, भविष्यातला वैमानिक. फ्रँक हॅम्पसनने त्याची पहिली चित्रं साउथपोर्टच्या एका जुन्या बेकरीत थाटलेल्या स्टुडिओत काढली. हॅम्पसनची कामाची पद्धत बघितली की थक्क व्हायला होतं. यानांच्या प्रतिकृती बनवायच्या, सहकाऱ्यांना पोशाख चढवून उभं करायचं, फोटो काढायचे आणि त्यावरून चित्र रंगवायचं. डॅनचे वरिष्ठ सर ह्यूबर्ट यांच्यासाठी हॅम्पसनचे वडीलच मॉडेल म्हणून उभे राहत.

डॅनची पहिली मोहीम शुक्रावर जाते ती अन्नाच्या शोधात, कारण पृथ्वीवर अन्न पुरत नाहीये. ज्या मुलांनी हे वाचलं त्यांच्या घरात तेव्हा रेशनची पुस्तकं होती. ब्रिटनमधलं रेशनिंग पूर्णपणे उठलं ते १९५४ मध्ये. शुक्रावरचा हिरवा, भल्यामोठ्या डोक्याचा मेकॉन त्या पिढीला घाबरवून गेला, पण गोष्टीचं पाणी त्यांच्या घरच्याच विहिरीचं होतं. ब्रिटिश विज्ञान-चित्रकथेचा हा गुण पुढेही टिकला. गोष्ट उद्याची सांगायची आणि बोलायचं मात्र आजच्या चुलीबद्दल. डॅन डेअर रेडिओ लक्झेंबर्गवर मालिका म्हणून गाजला, खूप नंतर त्याच्यावर अ‍ॅनिमेशन मालिकाही आली, पण मोठा चित्रपट काही त्याच्या वाट्याला आला नाही.

'ईगल' १९६९ मध्ये बंद पडलं. सत्तरच्या दशकात वारं पार बदललेलं होतं. पॅट मिल्स या लेखक-संपादकाने १९७६ मध्ये 'अ‍ॅक्शन' नावाचं साप्ताहिक काढलं. त्यातला माणसं खाणारा शार्क मुलांना आवडला आणि मोठ्यांना अजिबात नाही. वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि ऑक्टोबरमध्ये अंक बाजारातून मागे घ्यावा लागला. नंतर तो परतला, पण दात काढलेला.

मिल्सने यातून एक धडा घेतला. हाच राग, हाच रांगडेपणा भविष्यकाळात नेऊन ठेवला की मोठ्यांची नजर चुकवता येते. २६ फेब्रुवारी १९७७ या तारखेचा 'टू थाउजंड एडी'चा पहिला अंक असा आला. किंमत ८ पेन्स. संपादक म्हणून थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी. अंकाला अंक म्हणायचं नाही, 'प्रॉग' म्हणायचं, आणि चाहते आजही तोच शब्द वापरतात. नाव ठेवताना कुणालाच वाटलं नव्हतं की हे साप्ताहिक खरोखर दोन हजार सालापर्यंत जगेल. ते जगलं, आणि नेमकं त्याच साली ऑक्सफर्डच्या रिबेलियन या गेम कंपनीने ते विकत घेतलं.

दुसऱ्या प्रॉगमध्ये जज ड्रेड आला. लेखक जॉन वॅग्नर, चित्रकार कार्लोस एझकेरा. वॅग्नरच्या डोळ्यांसमोर अमेरिकन सिनेमातला कायदा हातात घेणारा पोलीस होता. एझकेरा स्पेनमधल्या झारागोसाचा. फ्रँकोची हुकूमशाही त्याने स्वतः पाहिलेली. म्हणून ड्रेडच्या खांद्यावर गरुड आहे, पोशाखात साखळ्या आणि पट्टे आहेत, आणि चेहऱ्याच्या जागी हेल्मेट आहे. खालची हनुवटी तेवढी उघडी. मेगा-सिटी वन या भविष्यातल्या शहरात ड्रेड हाच पोलीस, हाच न्यायाधीश, हाच फाशी देणारा. ऐंशी कोटी माणसं, आकाशाला भिडलेल्या इमारती, कुणाला काम नाही, आणि रस्त्यावर जागच्या जागी शिक्षा. हेल्मेटच्या मागे माणूस दिसला की त्याच्यावर माया जडते. तशी माया जडू द्यायची नव्हती. कायद्याला चेहरा नसतो, हे सांगण्यासाठी ते हेल्मेट आहे. स्टॅलोनच्या चित्रपटाला इथेच ठेच लागली.

पण ड्रेड बनवणाऱ्यांचं काय झालं? पहिला अंक निघण्याआधीच हक्कांचा एक करार फिसकटला आणि वॅग्नर बाजूला झाला. एझकेराने मेहनतीने उभा केलेला ड्रेड छापून आला तो दुसऱ्याच्या हातचा, मिक मॅकमहॉन या तरुण पोराने काढलेला. एझकेरा दुखावून निघून गेला. वॅग्नर लवकर परतला, एझकेरा मात्र १९८२ च्या 'अपोकॅलिप्स वॉर'साठी. त्या एका कथेत अर्धं शहर, म्हणजे चाळीस कोटी माणसं, मारली जातात आणि ड्रेड स्वतः शत्रूचं शहर बेचिराख करणारं बटण दाबतो. एझकेराची ती ठसठशीत, तुटक रेघ बघताना मनात येतं, हे काम त्याच्या हातून पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं.

या साप्ताहिकांत लेखक-चित्रकारांची नावं छापायची पद्धतच नव्हती. चित्रकार केविन ओ'नीलने 'टू थाउजंड एडी'च्या पहिल्याच वर्षी श्रेयाच्या छोट्या चौकटी घुसवल्या, तेव्हा कुठे वाचकांना नावं कळली. पैसे पानामागे मिळायचे. पात्राचा हक्क कंपनीचा. चाहत्यांचा जीव या माणसांत का गुंततो, हे यावरून कळावं. पडद्यावर गोष्ट गेली की चाहता सगळ्यात आधी श्रेयनामावलीत नावं शोधतो.

१९९० मध्ये 'हार्डवेअर' नावाचा चित्रपट आला तेव्हा नेमकं तेच झालं. भंगारातल्या यंत्रमानवाचं डोकं घरात येतं, स्वतःला पुन्हा जोडतं आणि घरातल्या बाईच्या जिवावर उठतं. वाचकांनी ही गोष्ट लगेच ओळखली. ड्रेडच्या १९८१ च्या वार्षिकात स्टीव्ह मॅकमॅनस आणि ओ'नीलची 'शॉक' नावाची छोटी कथा होती, अगदी अशीच. प्रकरण कायद्यापर्यंत गेलं आणि शेवटी चित्रपटाच्या श्रेयात दोघांची नावं घालावी लागली.

मग आलं १९९५, स्टॅलोनचा 'जज ड्रेड'. खर्च ९ कोटी डॉलरच्या घरात, चिलखत जियानी वर्साचेचं, दिग्दर्शक डॅनी कॅनन स्वतः लहानपणापासूनचा चाहता. शेपर्टन स्टुडिओत उभारलेला मेगा-सिटीचा रस्ता आजही डोळ्यांत भरतो. मीन मशीन हा खलनायक आणि एबीसी वॉरियर हा यंत्रमानव पानावरून जसेच्या तसे उतरले होते, आणि चित्रपटावर तोंडसुख घेणारे चाहतेही एवढं मान्य करतात. कथा घेतली होती पॅट मिल्सच्या 'रिटर्न ऑफ रिको'वरून. मूळ कथा मोजक्या पानांची. तुरुंगवास भोगून आलेला भाऊ समोर येतो, ड्रेड त्याला मारतो, त्याचं प्रेत उचलून चालू लागतो. त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, आणि ती कथा तेवढ्यामुळेच आतपर्यंत जाते. चित्रपटात मात्र सगळं सांगितलं जातं, ओरडून सांगितलं जातं, आणि तेही थोड्याच वेळात उघड्या पडलेल्या चेहऱ्याने. एवढ्या मोठ्या नटाला पैसे देऊन त्याचं तोंड झाकायचं कसं, हा निर्मात्यांचा प्रश्न मला कळतो. पण ड्रेडवर अन्याय झाला, तो आता नायक म्हणून सुटणार, अशी कथा रचली की ज्या व्यवस्थेची खिल्ली उडवायची तीच चांगली ठरते. अमेरिकेत चित्रपटाने साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास कमावले.

त्याच साली 'टँक गर्ल'ही पडद्यावर आली आणि आपटली. जेमी ह्यूलेट आणि अ‍ॅलन मार्टिनची ही धिंगाणा घालणारी पोरगी १९८८ पासून 'डेडलाइन' मासिकात होती. चित्रपट पडला आणि मासिकही त्याच वर्षी बंद झालं.

लेखक अ‍ॅलन मूरची तक्रार वेगळ्या जातीची. 'व्ही फॉर व्हेंडेटा' १९८२ मध्ये 'वॉरियर' मासिकात सुरू झाली. थॅचरबाईंच्या राजवटीत दोन टोकांची गाठ घातलेली ही कथा होती, एकीकडे हुकूमशाही आणि दुसरीकडे कुणाचंच राज्य नको म्हणणारा 'व्ही' नावाचा मुखवटाधारी. २००६ मध्ये चित्रपट आला तेव्हा मूरने स्वतःचं नाव काढून घेतलं. ब्रिटिश संसद उडवण्याच्या जुन्या कटातल्या गाय फॉक्सचा मुखवटा त्याला चढवायचा ही कल्पना चित्रकार डेव्हिड लॉइडची. तो मुखवटा पुढे देशोदेशीच्या मोर्चांत दिसला. चाहत्यांत यावर सरळ दोन तट आहेत. मला चित्रपट आवडतो, तरी मूरच्या पानांवर 'व्ही' बरोबर की चूक हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि पडद्यावर तो सरळसरळ नायक होतो, हे खटकतं.

२०१२ चा 'ड्रेड' या सगळ्या पार्श्वभूमीवर आला. पटकथा अ‍ॅलेक्स गार्लंडची, दिग्दर्शक पीट ट्रॅव्हिस. चित्रीकरण केपटाऊन आणि जोहान्सबर्गमध्ये. पैसा लावणाऱ्यांत मुंबईची रिलायन्स एंटरटेनमेंट होती, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नाही. कार्ल अर्बन न्यूझीलंडमध्ये वाढलेला, पोरवयात ड्रेड वाचलेला. त्याने अख्ख्या चित्रपटात हेल्मेट उतरवलं नाही. सगळा अभिनय ओठांच्या खाली वळलेल्या कोपऱ्यांत आणि आवाजात. एक प्रसंग बघावा. नवशिक्या जज अँडरसनची परीक्षा चालू आहे आणि तिने हेल्मेट घातलेलं नाही, कारण त्याने तिच्या मन वाचण्याच्या शक्तीला अडथळा येतो. तिचा चेहरा उघडा आहे, म्हणून दया, भीती, शंका सगळं तिच्याकडे जातं. शेजारी उभा ड्रेड दगडासारखा. चेहरा नसलेल्या माणसाला चित्रपटाच्या मध्यभागी कसं ठेवायचं, याचं उत्तर गार्लंडने असं काढलं. वॅग्नरलाही पटकथा पसंत पडली होती.

तरीही सगळे खूश नव्हते. जुन्या वाचकांचं म्हणणं, मेगा-सिटी इतकी उजाड आणि आजच्या शहरासारखी दिसते की पानांवरचा वेडेपणा हरवला. तिथले लठ्ठपणाचे वेडे, विचित्र फॅशन, इमारतींना दिलेली प्रसिद्ध माणसांची नावं, हे कुठेच नाही. हा आक्षेप खरा आहे. पैसा कमी होता, हेही खरं. ब्रिटनमध्ये चित्रपट पहिल्या क्रमांकावर उघडला, अमेरिकेत पडला आणि जगभरची कमाई कशीबशी ४ कोटी डॉलरच्या पुढे गेली. डीव्हीडीवर मात्र त्याला नवे चाहते मिळत गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये दुसऱ्या भागासाठी 'डे ऑफ ड्रेड' पाळला गेला, सह्यांची मोहीम झाली. 'टू थाउजंड एडी'च्या 'मेगाझिन' या जोडमासिकाने चित्रपटाची पुढची कथा छापली. काही चाहत्यांनी तर स्वतः 'जज मिंटी' हा छोटा चित्रपट बनवला. थकलेला म्हातारा जज शहर सोडून वैराण मुलुखात निघून जातो, त्याची ही गोष्ट. ड्रेडही तसाच म्हातारा होत चाललाय. त्याच्या जगात वर्ष सरतं तसं आपल्या जगातही सरतं. १९७७ मध्ये दहा वर्षांचा असलेला वाचक आज साठीकडे आलाय आणि ड्रेड त्याच्याहून मोठा आहे. इतक्या लांबच्या सोबतीत माणूस हळवा होतो.

पानाला पानासारखं वागवलं तर काय होतं, हे २०२३ मध्ये दिसलं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञान-मालिकेच्या साठाव्या वर्षी बीबीसीने 'द स्टार बीस्ट' हा भाग दाखवला. मूळ कथा १९८० मधली, 'डॉक्टर हू वीकली'तली, पॅट मिल्सची, चित्रं डेव्ह गिबन्सची. गोंडस, केसाळ परग्रहवासी बीप द मीप आणि त्याच्या मोठ्या डोळ्यांमागची क्रूरता जशीच्या तशी उतरली, आणि पडद्यावर दोघांची नावंही आली.

आता चाहत्यांचं लक्ष लागलंय 'रोग ट्रूपर'कडे. जेरी फिनली-डे आणि गिबन्स यांनी १९८१ मध्ये आणलेला हा निळ्या कातडीचा सैनिक. विषारी हवेच्या रणांगणावर तो एकटा भटकतो, आणि मेलेल्या तीन मित्रांची मनं चिपच्या रूपात त्याच्यासोबत असतात. एक बंदुकीत, एक पाठपिशवीत, एक हेल्मेटमध्ये. दिग्दर्शक डंकन जोन्सने ही कथा अ‍ॅनिमेशनपटासाठी घेतली आहे. इथे चेहरा दाखवायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, रोगचा चेहरा पहिल्यापासून उघडा आहे. या वेळी चाहते कान देऊन बसलेत, हेल्मेटमधून बोलणाऱ्या त्या मित्राचा आवाज कसा असेल याकडे.